फोटोतला फ्योर्ड नेमका कुठला? नाव आणि वर्णन अचूक लिहिण्याची रीत

एका दिवाळी अंकाच्या मजकुरावरून शेवटचा हात फिरवत होतो. नॉर्वेच्या प्रवासलेखासोबत एक फोटो होता. डोंगरातून जिभेसारखा बाहेर आलेला खडक, टोकावर बसलेली लेखिका आणि खूप खाली निळंशार पाणी. मी ओळ लिहिली, ‘हार्डांगरफ्योर्डवर झेपावलेला ट्रोलटुंगा’. अंक छापून वाचकांच्या हाती गेला आणि महिन्याभरात बेर्गेनमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकाची मेल आली. फोटोत दिसतं ते समुद्राचं पाणीच नव्हे. ते गोड्या पाण्याचं तळं आहे, रिंगेडाल्सवात्ने, आणि वीजनिर्मितीसाठी ते अडवलेलं आहे. शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलं होतं, ‘नावातच वात्न आहे हो, म्हणजे तळं.’

त्यानंतर मी फ्योर्डबद्दल काहीही लिहिण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतली: कुठून कुठपर्यंत? हा फ्योर्ड कुठून कुठपर्यंत, ही लांबी कुठून कुठपर्यंत, ही उंची कुठून कुठपर्यंत. खालची सगळी रीत या एका प्रश्नातून निघाली आहे. प्रवासवर्णन असो, फोटोखालची ओळ असो की विश्वकोशातली नोंद, ती चालते.

पायरी १: हा फ्योर्ड आहे का, ते आधी ठरवा

भूगोलाच्या पुस्तकातला अर्थ सरळ आहे. हिमनदीने खडक कोरून खोल दरी केली, बर्फ वितळल्यावर समुद्र त्या दरीत शिरला, तो फ्योर्ड. बहुतेक ठिकाणी आधी नदीची दरी होती. हिमयुगांमध्ये बर्फाने तीच वाट पुन्हा पुन्हा घासून रुंद केली आणि समुद्रपातळीच्याही कितीतरी खाली खणली. भूकंपाने जमीन दुभंगली आणि पाणी आत आलं, असं अजूनही काही प्रवासलेखांत वाचायला मिळतं. ते काढून टाका.

गोंधळ होतो तो नॉर्वेजियन माणसाच्या जिभेवरच्या ‘फ्योर्ड’मुळे. त्याचा अर्थ पुस्तकातल्यापेक्षा पुष्कळ सैल आहे. ओस्लोच्या वायव्येचा टीरिफ्योर्ड आणि त्याच्या उत्तरेचा रान्सफ्योर्ड ही दोन्ही गोड्या पाण्याची तळी आहेत, पण नावात फ्योर्ड. लोफोटेन बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधला वेस्टफ्योर्ड इतका रुंद आणि उघडा आहे की त्याला उपसागर म्हणणं जास्त शोभेल. आणि खुद्द ओस्लोफ्योर्ड ज्या भूभागात आहे ती सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीची खचदरी, म्हणजे जमीन खचून झालेली दरी. बर्फाने तिच्यावर नंतर हात फिरवला हे खरं, पण पश्चिम नॉर्वेतल्या गैरांगरफ्योर्डसारखे उभे कडे तिथे शोधू नका. म्हणून ओस्लोबद्दल लिहिताना नाव ‘ओस्लोफ्योर्ड’ ठेवायचं, आणि ‘हिमनदीने कोरलेला नमुनेदार फ्योर्ड’ हे वाक्य मात्र त्याला चिकटवायचं नाही.

नावातले बाकीचे तुकडे ओळखता आले की निम्मं काम होतं. वात्न म्हणजे तळं, सुन् म्हणजे सामुद्रधुनी, विक किंवा वोग म्हणजे छोटा उपसागर, पोल म्हणजे अरुंद तोंडाचं जवळजवळ बंदिस्त पाणी, एइद म्हणजे दोन पाण्यांमधली जमिनीची चिंचोळी पट्टी, नेस म्हणजे पाण्यात घुसलेलं टोक, फॉस म्हणजे धबधबा. स्ट्राउम म्हणजे प्रवाह: बूडोजवळचं साल्टस्ट्राउमेन ही भरती-ओहोटीच्या जोरदार भोवऱ्यांसाठी प्रसिद्ध सामुद्रधुनी आहे, फ्योर्ड नव्हे.

आता आपल्याकडचा प्रश्न: फ्योर्डला मराठीत ‘खाडी’ म्हणावं का? माझं मत, म्हणू नये. दाभोळची किंवा जयगडची खाडी म्हटलं की वाचकाला उथळ पाणी, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि काठचं कांदळवन दिसतं, आणि ते बरोबरच आहे. कोकणातल्या खाड्या या समुद्रात बुडालेल्या नदीच्या दऱ्या. तिथे हिमनदी कधी फिरकली नाही. पहिल्या उल्लेखात ‘हिमनदीने कोरलेली, समुद्राने भरलेली दरी’ एवढं एकदा सांगून पुढे खुशाल फ्योर्ड लिहा. शब्दाचं लिंग विचाराल तर मी ‘तो फ्योर्ड’ लिहितो. नॉर्वेजियनमध्येही तो पुल्लिंगीच आहे. ‘ती फ्योर्ड’ हे खाडीच्या संगतीने आलेलं वळण. शब्द परका वाटत असेल तर एक गंमत सांगतो. फ्योर्डचं मूळ भाषाशास्त्रज्ञ ‘ओलांडणे, पलीकडे जाणे’ या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूत शोधतात, त्याच धातूशी संस्कृतातल्या आणि आपल्या ‘पार’चंही नातं लावतात.

पायरी २: घराणं शोधा

मोठा फ्योर्ड झाडासारखा असतो. खोडाला एक नाव, फांद्यांना वेगळी, फांदीच्या फांदीला आणखी वेगळं. पर्यटक ज्या फांदीवर असतो तिचं नाव त्याला माहीत नसतं आणि तो सरसकट खोडाचं नाव लिहून मोकळा होतो.

नमुना म्हणून स्टेगास्टाइन हा देखावा-कट्टा घ्या. रस्त्याच्या कडेने हवेत काढलेला लाकडी पूल, पुढे काच, आणि सुमारे ६५० मीटर खाली पाणी. या फोटोखाली कुणी ‘सोग्नेफ्योर्ड’ लिहितं, कुणी ‘नॅरॉयफ्योर्ड’. खाली आहे औरलान्सफ्योर्ड. हा सोग्नेफ्योर्डच्या दक्षिणेकडची फांदी, म्हणून पहिलं नाव ढोबळपणे चालून जाईल. दुसरं मात्र साफ चूक, कारण नॅरॉयफ्योर्ड ही औरलान्सफ्योर्डलाच फुटलेली वेगळी फांदी आहे. ज्या फ्लोम गावातून प्रसिद्ध रेल्वे डोंगर चढते, तेही औरलान्सफ्योर्डवरच आहे.

गैरांगरचंही तसंच. गैरांगरफ्योर्ड सुनिल्व्सफ्योर्डला मिळतो आणि सुनिल्व्सफ्योर्ड हा स्टूरफ्योर्डच्या घराण्यातला. आजोबा, वडील, नातू. नातू सगळ्यात धाकटा, लांबी जेमतेम १५ किमी, आणि जगभर नाव त्याचंच.

घराणं लिहिलं नाही तर आणखी एक घोटाळा होतो. ‘स्टूरफ्योर्ड’चा अर्थ नुसताच ‘मोठा फ्योर्ड’, त्यामुळे ते नाव पश्चिमेला सुनमोरे भागात आहे, उत्तरेत ट्रोम्समध्ये आहे आणि पार आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरही आहे. ‘सोरफ्योर्ड’ म्हणजे दक्षिणेचा फ्योर्ड: एक हार्डांगरची फांदी, जिच्या टोकाशी ओडा गाव आहे, आणि दुसरा बेर्गेनजवळ ओस्टरॉय बेटाला वळसा घालणारा. दोघेही एकाच वेस्टलान प्रांतात! तेव्हा अशा नावापुढे घराणं किंवा जवळचं गाव हवंच: ‘हार्डांगरचा सोरफ्योर्ड’.

काम करायची पद्धत सोपी. फोटो कुठे उभं राहून काढला ते आधी लिहून घ्या. गाव, घाटाचं वळण, बोटीचा धक्का, काहीही चालेल. मग नॉर्वेच्या नकाशा खात्याचा, म्हणजे कार्टवेर्केटचा, मोफत नकाशा उघडा. पाण्यावर छापलेली नावं मोठं करत करत वाचत जा. जितकं जवळ जाल तितकी बारीक नावं उमटतात. सर्वांत बारीक नाव तुमच्या फांदीचं, दूरवरून दिसणारं खोडाचं. मधली साखळी वहीत उतरवा.

पायरी ३: नाव लिहा, पण शेपटीसकट नको

नॉर्वेजियन नकाशावर ‘गैरांगरफ्योर्डेन’ असं दिसेल. शेवटचं ‘एन’ हे इंग्रजी ‘द’सारखं निश्चितता दाखवणारं शेपूट आहे, नावाचा भाग नव्हे. मराठीत ‘गैरांगरफ्योर्डेन फ्योर्ड’ लिहिणं म्हणजे ‘विंध्याचल पर्वत’ लिहिण्यासारखं. अचल म्हणजे पर्वत आधीच आत बसलेला आहे. शेपूट काढा. आणि नाव जोडून लिहा, कारण मुळातही ते एकच शब्द आहे.

उच्चाराची पंचाईत जास्त. इंग्रजी मार्गदर्शकाच्या तोंडून ऐकलेलं नाव मराठीत आलं की ‘गेरेंजर’ होतं. त्यात ज कुठेच नाही. आपल्या लिपीची जमेची बाजू अशी की काही नॉर्वेजियन स्वर तिच्यात इंग्रजीपेक्षा नीट बसतात. ए-ई चिकटवून लिहिलेलं अक्षर म्हणजे जवळजवळ आपला ॲ: नॅरॉय. डोक्यावर बारीक वर्तुळ असलेला ए दीर्घ असला की चक्क ओ: म्हणून फ्लोम, ‘फ्लॅम’ नव्हे. साधा ओ मात्र बऱ्याचदा ऊ होतो: म्हणून स्टूर, आणि खुद्द फ्योर्डचा नॉर्वेजियन उच्चार ‘फ्यूर’च्या जवळचा, ड गाळलेला. तिरकी रेघ मारलेल्या ओला आपल्याकडे अक्षर नाही. तोंडाने ए म्हणायचा आणि ओठ ओचे करायचे. ‘के-जे’ची जोडी शच्या जवळ जाते, म्हणून लिसेफ्योर्डकाठचा डोंगर शेराग. शब्दाच्या सुरुवातीला ‘एच-जे’ आली की एच गप्प. ओस्लोकडच्या बोलीत तर ‘फ्योर्डेन’ म्हणताना र आणि न मिळून थेट आपल्यासारखा ण होतो. बेर्गेनकडे तो ऐकू येत नाही. तिथला र घशातला.

मग सगळं उच्चाराप्रमाणेच लिहायचं का? इथे मी थोडी तडजोड करतो. ‘सोग्ने’चा खरा उच्चार ‘सोङ्ने’, पण मी ‘सोग्नेफ्योर्ड’च लिहितो, कारण वाचक उद्या नकाशात शोधेल तेव्हा त्याला ग सापडायला हवा. ओस्लोचं ‘उस्लु’ करत बसण्यातही अर्थ नाही. मराठीत रुळलेली नावं रुळलेली ठेवावीत, नवी येणारी उच्चाराला धरून लिहावीत, आणि एका लेखात एकच रूप ठेवावं. शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो.

सूचीत नाव सापडत नसेल तर लक्षात घ्या, ती तीन जादा अक्षरं नॉर्वेजियन वर्णमालेत झेडच्याही नंतर येतात.

एकाच जागेची दोन रूपं दिसली तर लगेच एक चूक ठरवू नका. नॉर्वेजियनच्या लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, बूकमोल आणि नीनोर्स्क, आणि पश्चिमेच्या फ्योर्ड भागात नीनोर्स्कचा वापर मोठा. उत्तरेत तर भाषाच बदलते. सामी आणि क्वेन या तिथल्या अल्पसंख्य समाजांच्या भाषा. पोर्सांगरफ्योर्डला उत्तर सामी नावही आहे आणि क्वेन नावही; सामीत ‘वुओत्ना’ म्हणजे फ्योर्ड, क्वेनमध्ये ‘वुओनो’. ही नावं कार्टवेर्केटच्या अधिकृत नोंदीत असतात. अगदी उत्तरेच्या फिनमार्क प्रांताबद्दल लिहिताना सामी नाव एकदा तरी द्यावं. ते कुणी प्रेमाने ठेवलेलं टोपणनाव नाही.

प्रांताचं नाव मात्र ताजं तपासा. १ जानेवारी २०२० रोजी होर्डालान आणि सोग्न ओ फ्योर्डाने हे प्रांत एकत्र होऊन वेस्टलान झाला. ट्रोम्स आणि फिनमार्क तेव्हाच एकत्र केले गेले आणि २०२४च्या सुरुवातीला पुन्हा वेगळे झाले. जुन्या मार्गदर्शक पुस्तकावरून लिहाल तर नसलेल्या प्रांतात फ्योर्ड नेऊन ठेवाल.

पायरी ४: आकडा एकटा सोडू नका

सोग्नेफ्योर्ड २०५ किमी लांब, हे सगळीकडे वाचायला मिळतं. कुठून कुठपर्यंत? समुद्रातल्या सूलुन बेटांच्या बाहेरच्या कडेपासून आत शोल्डन गावापर्यंत. शेवटचा मोठा टप्पा लुस्ट्राफ्योर्ड या वेगळ्या नावाच्या फांदीचा आहे, तोही या आकड्यात धरला आहे. कुणी बाहेरची बेटं वगळून मोजलं तर आकडा कमी येतो आणि तोही खोटा नसतो. हार्डांगरफ्योर्डच्या १७९ किमीलाही हाच प्रश्न लावा.

खोलीत दोन गोष्टी हव्यात: सर्वाधिक खोली आणि मुखाजवळची खोली. सोग्नेफ्योर्डची सर्वाधिक खोली सुमारे १३०० मीटर. पण समुद्राकडे जाताना तळ वर येतो आणि मुखापाशी ती २०० मीटरच्याही आत येते. लिसेफ्योर्ड आत ४०० मीटरच्या वर खोल, आणि मुखाजवळ फोर्सानपाशी अवघा १३ मीटर. हिमनदी आत जाड होती म्हणून तिने खोल खणलं. तोंडाशी ती पातळ झाली, पसरली, आणि वाहून आणलेली दगडमाती, म्हणजे हिमोढ, तिथे टाकला. या उंचवट्याला नॉर्वेजियनमध्ये ‘तेर्स्केल’ म्हणतात, म्हणजे घराचा उंबरठा. मराठीतही बेधडक उंबरठा लिहा. फ्योर्डचं सगळं व्यक्तिमत्त्व त्या एका शब्दात येतं: आतलं खोल पाणी या उंबरठ्यामुळे बाहेरच्या समुद्राशी सहज मिसळत नाही.

‘बॉट्न’ या शब्दापाशी थांबा. शब्दशः तो तळ, पण फ्योर्डचा बॉट्न म्हणजे जमिनीत सर्वांत आत गेलेलं टोक, समुद्राचा तळ नव्हे. ‘फ्योर्डच्या तळाशी वसलेलं गाव’ असं वाक्य मी स्वतः एका मजकुरातून काढलं आहे. बिचारं गाव पाण्याखाली गेलं होतं.

उंचीचा आकडा पाण्यापासूनचा की समुद्रसपाटीपासूनचा, हे फ्योर्डवर एकच असतं, तळ्यावर नसतं. प्रेइकेस्टूलेन हा कातळ लिसेफ्योर्डच्या पाण्यापासून ६०४ मीटर उंच. तिथे प्रश्न मिटला. ट्रोलटुंगा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर, पण खालच्या तळ्यापासून सुमारे ७००. ‘फ्योर्डपासून ११०० मीटर’ लिहिलं की एका ओळीत दोन चुका. आणि कड्याची उंची व पाण्याची खोली यांची बेरीज करून ‘इतका मोठा कडा’ लिहू नका. दोन्ही आकडे वेगवेगळे द्या, बेरीज वाचक करील.

काठ सांगताना डावा-उजवा नको. नदीला वाहण्याची दिशा असते, फ्योर्डला नाही. बोट आत जाते की बाहेर यावर डावं-उजवं फिरतं. उत्तर काठ, पूर्व काठ असं लिहा.

पायरी ५: जे दिसतं ते लिहा

‘पाचूसारखं पाणी’ लिहिण्याआधी महिना पाहा. लुस्ट्राफ्योर्डचं पाणी उन्हाळ्यात दुधाळ हिरवट दिसतं, कारण युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी हिमनदी योस्टेडाल्सब्रेएन वितळते आणि खडकाची पिठासारखी भुकटी पाण्यात आणते. हिवाळ्यात तोच फ्योर्ड काळपट. धबधब्यांचंही तसंच. गैरांगरच्या ‘सात बहिणी’ वितळत्या बर्फाच्या दिवसांत सातही दिसतात, कोरड्या आठवड्यांनंतर त्यातल्या काही गायब असतात. तिथे तीन मोजून ‘सात धारा कोसळत होत्या’ लिहिणारे लेख मी वाचले आहेत. हे धबधबे एवढ्या उंचावरून का पडतात, तेही एका ओळीत सांगता येतं: बाजूच्या लहान हिमनद्यांनी मुख्य हिमनदीइतकं खोल खणलं नाही, त्यांच्या दऱ्या वर लोंबत राहिल्या.

हिमखंड मात्र काढून टाका. मुख्य नॉर्वेच्या फ्योर्डात हिमखंड तरंगत नाहीत. ते पाहायचे तर स्वालबार्डला जावं लागतं. उबदार सागरी प्रवाहामुळे इथले मोठे फ्योर्ड हिवाळ्यातही बहुधा मोकळे राहतात.

‘अढळ, शाश्वत कडे’ हेही नको. ७ एप्रिल १९३४ रोजी स्टूरफ्योर्डच्या आतल्या टाफ्योर्डमध्ये कडा कोसळला, त्याने उठलेल्या लाटेत ४० माणसं गेली. सुनिल्व्सफ्योर्डवरच्या ओकेर्नेसच्या डोंगरावर आजही रात्रंदिवस उपकरणं लावून पाळत आहे. फ्योर्डकाठच्या माणसांना हे ठाऊक असतं. वर्णनात त्याची एक ओळ आली तर ते वर्णन त्यांनाही ओळखीचं वाटेल.

युनेस्कोचा उल्लेख बहुतेक जण अर्धा करतात. २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली ती ‘पश्चिम नॉर्वेचे फ्योर्ड’ ही एकच नोंद, आणि तिच्यात एकमेकांपासून सुमारे १२० किमी अंतरावरचे गैरांगर आणि नॅरॉय हे दोन प्रदेश येतात. सोग्नेफ्योर्ड संपूर्णपणे वारसास्थळ नाही. हार्डांगर तर यादीतच नाही.

सगळं जोडून

आधी लेखात आलेलं, जसंच्या तसं: ‘सोग्ने फ्योर्डेनच्या निळ्या खाडीतून आम्ही नॅरो फ्योर्डच्या तळाशी असलेल्या गुडवांगेनला पोचलो. दोन्ही बाजूंना १८०० मीटरचे कडे.’

दुरुस्त केल्यावर: ‘फ्लोमहून निघालेली बोट आधी औरलान्सफ्योर्डमधून उत्तरेकडे गेली आणि मग वळून नॅरॉयफ्योर्डमध्ये शिरली. हा सोग्नेफ्योर्डच्या घराण्यातला १७-१८ किमी लांबीचा अरुंद फ्योर्ड. सर्वांत चिंचोळ्या जागी रुंदी अवघी २५० मीटर. दोन्ही काठांवरून डोंगर थेट पाण्यातून उठतात, त्यांतले काही पाण्यापासून १७०० मीटरच्या आसपास जातात. जूनचा पहिला आठवडा होता, वर बर्फ शिल्लक होता आणि कड्यांवरून धारा लागल्या होत्या. नैर्ऋत्येच्या टोकाला गुडवांगेनच्या धक्क्यावर उतरलो.’

शब्द दुपटीहून जास्त झाले, ही लेखिकेची तक्रार रास्त होती. मग आम्ही डोंगरांचं वाक्य काढलं आणि रुंदीचं ठेवलं. ‘नॅरो’ कुठून आलं, हेही त्याच दिवशी उलगडलं: बोटीवरच्या कर्ण्यातून फ्योर्डचं नाव आलं तेव्हा तिला वाटलं, अरुंद आहे म्हणून इंग्रजीत नॅरो म्हणतायत.